क्रेन एक, कॅलेंडरं दोन

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी बैल सजवून दारोदार फिरतात. महाल-इतवारीकडे काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या, बडग्यांच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि त्या भागात पाय ठेवायला जागा उरत नाही. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला हा सण विदर्भाबाहेरच्या माणसाला ठाऊक असेलच असं नाही. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांच्या सुट्ट्यांच्या यादीत तो बहुधा नसतो. आमच्या बुटीबोरीच्या साइटवर मात्र त्या दिवशी काम बंद असतं, आणि ते बंदच राहावं असं आमचं ठरलेलं आहे.

असं असताना एका वर्षी नेमक्या त्याच दिवशी ८० टनी क्रेननं प्रीकास्ट बीम चढवायचं काम लागलं. आठवड्याचा कार्यक्रम छापून साइट ऑफिसच्या फळ्यावर लावला होता. क्रेनचे ऑपरेटर भाऊ तो वाचून सरळ माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, तान्ह्या पोळ्याले कोण येऊन राहिलं कामावर?" मी सॉफ्टवेअर उघडलं. बीम चढवण्याच्या कामाला लावलेलं कॅलेंडर 'नागपूर ६ दिवस', आणि त्यात तान्हा पोळा सुट्टी म्हणून स्पष्ट दिसत होता. मग क्रेनची नोंद उघडली. तिलाही 'नागपूर ६ दिवस'च लावलेलं, पण ते दुसऱ्या यादीतलं. नाव अक्षर न् अक्षर तेच, आणि आत तान्हा पोळा कामाचा दिवस. वर अनंत चतुर्दशीची सुट्टी, जी आमच्या साइटवर आम्ही देत नाही. म्हणजे हे पुण्याचं कॅलेंडर होतं, नागपूरचं नाव लावून बसलेलं.

मी नियोजन अभियंता आहे. साइटवर मला सगळे 'प्लॅनिंग मॅडम' म्हणतात. बुटीबोरी, मिहान आणि भंडारा रोडवरचं कापसी अशा तीन साइटचं वेळापत्रक माझ्याकडे असतं. क्रेन एकच, सर्व्हेअर एकच, पोस्ट-टेन्शनिंगची टोळी एकच, आणि ही सगळी साधनं तिन्ही साइटमध्ये फिरती. ज्यांचा बांधकामाशी संबंध नाही त्यांनाही ही अडचण अनोळखी वाटायची नाही. एकच भूलतज्ज्ञ तीन रुग्णालयांत जातो, एकच छपाईयंत्र चार मासिकांची कामं घेतं, एकच केटरर लग्नसराईत पाच मंगल कार्यालयं सांभाळतो. साधन एक आणि मागणारे अनेक असले की सगळा भार एका साध्या प्रश्नावर येतो: हे साधन नेमकं कोणत्या दिवशी, किती वाजता मोकळं आहे? सॉफ्टवेअरमध्ये ह्या प्रश्नाचं उत्तर कॅलेंडर देतं. आणि कॅलेंडरं दोन झाली की उत्तरंही दोन मिळतात.

वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमधलं कॅलेंडर भिंतीवरच्या कॅलेंडरासारखं तारखा दाखवत नाही. त्यात तीन गोष्टी असतात: आठवड्यातले कामाचे वार, दिवसातले कामाचे तास आणि अपवाद, म्हणजे सुट्ट्या. बाकी सगळं गणित त्यावर उभं राहतं. 'स्लॅबचं शटरिंग, ६ दिवस' असं तुम्ही लिहिलंत की सॉफ्टवेअर कॅलेंडर उघडतं, कामाचे तास मोजत पुढे जातं आणि सहा दिवसांचे तास भरले की थांबतं. तिथं समाप्तीची तारीख पडते. त्याला रविवार कळत नाही, दिवाळी कळत नाही, उन्हाळा तर नाहीच नाही. आपण जे दिवस बंद म्हणून सांगू तेवढेच त्याच्या लेखी बंद.

वेळापत्रक असं गणितानं काढायची पद्धत फार जुनी नाही. अमेरिकेत १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी क्रिटिकल पाथची पद्धत आकाराला आणली. योगायोग असा की त्याच वर्षी, २२ मार्च १९५७ रोजी, भारत सरकारनं राष्ट्रीय दिनदर्शिका लागू केली. तो दिवस १ चैत्र शके १८७९ ठरला. त्यामागे मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या समितीचं काम होतं. देशात तेव्हा तीसेक पंचांगं चालत होती. महिन्यांची नावं बहुतेक ठिकाणी तीच, वर्षारंभ मात्र वेगळा, गणित वेगळं, सणाची तारीख वेगळी. साहांच्या पुढ्यात जे होतं तेच लहान प्रमाणावर आज प्रत्येक नियोजन अभियंत्याच्या पुढ्यात असतं.

महाराष्ट्राला तर हे घरातूनच माहीत आहे. दाते पंचांग आणि टिळक पंचांग यांचे अयनांश वेगळे आहेत, त्यामुळे काही वर्षी अधिक महिना दोघांत निरनिराळ्या जागी पडतो. मग 'भाद्रपद शुद्ध चतुर्थी' हे एकच नाव महिनाभराच्या अंतरानं दोन दिवसांना लागतं. २०२३ मध्ये टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत गणपती ऑगस्टमध्येच बसले, बाकी महाराष्ट्रात १९ सप्टेंबरला. घराघरात त्यानं गोंधळ होत नाही, कारण आपल्या घरात कोणतं पंचांग चालतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. 'टिळक' की 'दाते' हा शब्द तिथं पुढे लावलेला असतो. सॉफ्टवेअरमध्ये तो शब्दच गाळला गेलेला असतो, आणि तिथून घोटाळा सुरू होतो.

आता कॅलेंडर किती ठिकाणी लागतं ते बघा. एक संपूर्ण प्रकल्पाला लागतं. एक प्रत्येक कामाला लावता येतं. एक प्रत्येक साधनाला, म्हणजे माणसाला, टोळीला, यंत्राला. आम्ही वापरतो त्या प्रायमाव्हेरा ह्या सॉफ्टवेअरमध्ये कॅलेंडरांच्या तीन वेगळ्या याद्याच असतात: ग्लोबल, प्रोजेक्ट आणि रिसोर्स. एकच नाव एकाच वेळी निरनिराळ्या याद्यांत असू शकतं आणि सॉफ्टवेअर त्याला हरकत घेत नाही. त्यात कामाचा प्रकार 'टास्क डिपेंडंट' असेल तर ते कामाच्या कॅलेंडरावर चालतं, आणि 'रिसोर्स डिपेंडंट' असेल तर साधनाच्या. आमचं बीम चढवण्याचं काम दुसऱ्या प्रकारचं होतं. क्रेन असेल तेव्हाच बीम चढणार, म्हणून तसं ठेवणं बरोबरच होतं. त्यामुळे कामाला लावलेलं कॅलेंडर अचूक असूनही तारीख पडली ती क्रेनच्या कॅलेंडरावरून. समोर स्तंभात 'नागपूर ६ दिवस' वाचून कोणाचंही समाधान व्हावं अशी ही परिस्थिती.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये याद्या वेगळ्या आहेत, दुखणं तेच. तिथं 'स्टँडर्ड', 'नाइट शिफ्ट' आणि '२४ अवर्स' ही तीन मूळ कॅलेंडरं आयती मिळतात. घाईत असलेला माणूस नवं कॅलेंडर बनवत बसत नाही, 'स्टँडर्ड'मध्येच सुट्ट्या भरतो. पुण्यातला त्याच्या 'स्टँडर्ड'मध्ये भरतो, नागपूरचा त्याच्या. मग सामाईक साधनांची एक फाइल करून, तिला रिसोर्स पूल म्हणतात, दोघं तिला जोडले जातात. जोडताना सॉफ्टवेअर एक प्रश्न विचारतं: दोन्हीकडच्या माहितीत फरक असेल तर पूलचं खरं धरायचं की जोडणाऱ्या फाइलचं? इथं न वाचता बटण दाबलं की साधनाचं एक कॅलेंडर दुसऱ्यावर बसतं. आणि पूल न जोडता तीन फाइल एका मुख्य फाइलमध्ये नुसत्या घातल्या, तर तीच क्रेन साधनांच्या यादीत तीनदा दिसते. तीन क्रेन, प्रत्येकीचं आपापलं कॅलेंडर, आणि तिन्ही मोकळ्या. कागदावर सगळं सुरळीत. प्रत्यक्षात क्रेन एकच आणि फोन तीन साइटचे.

प्रती कशा तयार होतात याची कहाणी बहुतेक वेळा साधी असते. जुना प्रकल्प चांगला बसला होता म्हणून त्याची नक्कल करून नवा सुरू करतात. नकलेसोबत त्याची प्रोजेक्ट कॅलेंडरंही येतात. उपठेकेदार आपली फाइल पाठवतो. ती आयात केली की त्याची कॅलेंडरं आपल्या यादीत उतरतात. प्रायमाव्हेरा आयात करताना जुनं ठेवायचं, अद्ययावत करायचं, नवं घालायचं की आणायचंच नाही हे विचारतं. 'अद्ययावत करा' निवडलं आणि पाहुण्याच्या फाइलमध्ये आपल्याच नावाचं ग्लोबल कॅलेंडर असेल, तर आपल्या कॅलेंडराचा आतला मजकूर बदलतो आणि त्यावर चालणारे सगळे प्रकल्प हलतात. 'जुनं ठेवा' निवडलं तर पाहुण्याची कामं आपल्या सुट्ट्यांवर चालू लागतात. दोन्हींत नुकसान आहे. दुसऱ्यात ते निदान त्याच्यापुरतं राहतं. आणि नावात एखादी जास्तीची मोकळी जागा असेल तर सॉफ्टवेअर त्याला नवंच समजतं, डोळ्याला मात्र दोन्ही सारखीच दिसतात.

सुट्ट्यांमधला फरक निदान पकडता तरी येतो. तासांमधला फरक जास्त छळतो, म्हणून तो सावकाश सांगते.

आमच्या एका कॅलेंडरात कामाची वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ५, मध्ये तासभर जेवण. दुसऱ्यात ९ ते ६, तसंच तासभर जेवण. दोन्ही आठ तासांचीच. पहिल्यावर चालणारं काम सोमवारी ५ वाजता संपलं. त्याच्या मागोमाग एका दिवसाचं काम आहे, ते दुसऱ्या कॅलेंडरावर आहे. सॉफ्टवेअर म्हणतं, ५ ते ६ हा तास तर कामाचा आहे, मग आजच सुरुवात करू. सोमवारी एक तास, उरलेले सात तास मंगळवारी. काम संपलं मंगळवारी ५ ला. एका दिवसाचं काम, पण तारखांच्या स्तंभात सुरुवात सोमवार आणि शेवट मंगळवार. त्यावर क्रेन लावलेली असेल तर क्रेनही दोन्ही दिवशी बुटीबोरीत अडकलेली दिसते. मिहानचा साइट इंजिनीअर क्रेन मागतो, त्याला सोमवार मोकळा दिसत नाही, तो भाड्याची क्रेन बोलावतो. एका न दिसणाऱ्या तासासाठी भाड्याच्या क्रेनचं बिल. हे पकडायचं असेल तर तारखांसोबत घड्याळाची वेळही दिसेल असा तारखेचा नमुना लावावा. मी तो कायम लावून ठेवते. एका दिवसाचं काम दोन तारखांवर पसरलेलं दिसलं, किंवा कालावधी '१.१३ दिवस' असा विचित्र आला, की तिथं दोन घड्याळं एकमेकांना घासताहेत असं समजावं.

दुसरी गडबड दिवसाच्या मापाची. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट 'दिवस' आतमध्ये वेळेत बदलून ठेवतं, आणि एक दिवस म्हणजे किती तास हे कॅलेंडरात नसतं, ते सेटिंगमध्ये वेगळं लिहिलेलं असतं, सहसा ८. तुमचं कॅलेंडर दहा तासांचं असेल तर ५ दिवसांचं काम म्हणजे ४० तास, आणि दहा तासांच्या दिवसांत ते चारच दिवसांत संपतं. प्रायमाव्हेरामध्येही तासांचं हे माप वेगळं ठरवावं लागतं. सगळ्यांना एकच माप द्यायचं की ज्याच्या-त्याच्या कॅलेंडराचं घ्यायचं, हे तिथं प्रशासकाच्या हातात असतं. म्हणून दोन सारख्या नावाच्या कॅलेंडरांपैकी एक आठ तासांचं आणि एक दहा तासांचं निघालं, तर चूक तारखांपुरती राहत नाही. कालावधीचे आकडेच भरवशाचे राहत नाहीत.

अशा वेळी लोक सर्वांत आधी काय करतात ते मी अनेक ऑफिसांत पाहिलंय. क्रेन लाल दिसते, म्हणजे तिच्यावर क्षमतेपेक्षा जास्त भार पडलाय. मग 'लेव्हलिंग'चं बटण दाबतात. सॉफ्टवेअर कामं पुढे सरकवतं, लाल रंग जातो आणि सगळे समाधानी होतात. माझं मत स्पष्ट आहे: कॅलेंडर तपासल्याशिवाय ते बटण दाबू नये. भार खरा आहे की दोन कॅलेंडरांच्या भांडणातून आलेला भास आहे हे ठरवल्याशिवाय कामं सरकवली तर मूळ चूक तशीच राहते, आणि शिवाय ती झाकली जाते. पुढच्या महिन्यात ती दुसरीकडून डोकं काढते, आणि तेव्हा शोधायला धागा सापडत नाही.

शोध उलट दिशेनं घ्यावा लागतो. प्रथम फाइलची प्रत काढून ठेवायची आणि प्रकल्पाची आजची समाप्तीची तारीख वहीत लिहून ठेवायची, म्हणजे दुरुस्तीनंतर काय हललं ते कळेल. मग कॅलेंडर कोण वापरतंय ते बघायचं. प्रायमाव्हेरामध्ये कॅलेंडरांच्या खिडकीत 'युज्ड बाय' नावाचं बटण आहे. ते कोणत्या प्रकल्पांना, कामांना आणि साधनांना हे कॅलेंडर लागलंय ते दाखवतं. आमच्या क्रेनची गाठ तिथंच सुटली: पुण्याच्या प्रतीवर क्रेन आणि सर्व्हेअर हे दोघंच होते, बाकी सगळं नागपूरवर. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये रिसोर्स शीटवर 'बेस कॅलेंडर' हा स्तंभ असतो आणि कामांच्या तक्त्यात 'टास्क कॅलेंडर'चा स्तंभ घालता येतो. हे दोन स्तंभ शेजारी ठेवून वरून खालपर्यंत नजर फिरवली की निम्मं काम होतं. एखाद्या कामाला स्वतःचं कॅलेंडर लावलं असेल तर 'साधनाचं कॅलेंडर दुर्लक्षित करा' अशी एक खूण करता येते. ती चुकून राहून गेलेली असते, तीही बघावी.

त्यानंतरचा भाग सॉफ्टवेअरच्या बाहेरचा आहे, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. दोन कॅलेंडरांपैकी खरं कोणतं? नावावरून ठरत नाही, शेवटचं कोणी उघडलं यावरूनही ठरत नाही. मी दोन्हींचे तास आणि सुट्ट्या कागदावर उतरवते आणि साइटचं मस्टर मागवते. हजेरीचं मस्टर खोटं बोलत नाही. मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याला किती जण हजर होते, होळीला किती, छठला बिहारच्या टोळीतले किती परतले होते, हे त्यात लिहिलेलं असतं. सुट्ट्यांचं परिपत्रक काय म्हणतं ते एक, आणि माणसं खरोखर कधी थांबतात ते दुसरं. कॅलेंडर दुसऱ्यावर बेतलेलं असलं पाहिजे.

खरं ठरलं की खोट्याचं नाव बदलायचं, पुसायचं नाही. 'वापरू नये' असं पुढे लावलं की कोणाच्याही हातून ते नव्यानं लागत नाही. मग एकेक साधन बरोबर कॅलेंडरावर आणायचं, प्रत्येक वेळी एफ-नाइन दाबून वेळापत्रक नव्यानं काढायचं आणि वहीतल्या तारखेशी ताडायचं. सगळं एकदम बदललं तर कोणत्या बदलानं काय हललं ते कळत नाही. क्रेन नागपूरवर आणली तेव्हा बीमचं काम एक दिवस पुढे गेलं, हे अपेक्षितच होतं. सर्व्हेअरला आणलं तेव्हा मात्र कापसीच्या पायाच्या आखणीला मध्येच खंड पडला, कारण पुण्याच्या प्रतीत शनिवारी कामाचे पूर्ण आठ तास धरलेले होते आणि आमच्याकडे शनिवारी सर्व्हेअरचा अर्धा दिवस असतो. हे आधी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. शेवटी त्या प्रतीवर कोणीच उरलं नाही तेव्हाच ती पुसली.

एकाहून अधिक कॅलेंडरं असणं ही चूक नाही, हेही इथं सांगायला हवं. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणून मंजुरीचं काम पाच दिवसांच्या कॅलेंडरावरच हवं. साइटचं सहा दिवसांवर. काँक्रीटची मजबुती वाढणं रविवारीही थांबत नाही, म्हणून क्युरिंग सातही दिवसांवर. अगदी दोन कामांमधल्या वाट पाहण्याच्या काळालाही, ज्याला लॅग म्हणतात, कोणतं कॅलेंडर लावायचं हे प्रायमाव्हेरामध्ये निवडावं लागतं: आधीच्या कामाचं, नंतरच्या कामाचं, चोवीस तासांचं की प्रकल्पाचं. सात दिवसांचं क्युरिंग लॅग म्हणून लिहिलं आणि ते सहा दिवसांच्या कॅलेंडरावर मोजलं गेलं तर आठ दिवस लागलेले दिसतात. वेगळ्या कारणांसाठी वेगळी कॅलेंडरं हवीत. एकाच कारणासाठी दोन नकोत.

नागपुरात याची सर्वांत मोठी कसोटी कुठे लागली असेल, तर कामठी रोडवर गड्डीगोदामला. खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो अशी चार थरांची रचना तिथं उभी आहे. चालू रेल्वेमार्गावर पोलादी गर्डर चढवायचा म्हणजे रेल्वेचा ब्लॉक मिळावा लागतो, आणि ब्लॉक म्हणजे गाड्या थांबवून मिळालेले मोजके तास. खालचा रस्ता बंद करायचा तर वाहतूक पोलिसांची परवानगी, तीही रात्रीची. रेल्वेची एक वेळ, पोलिसांची दुसरी, क्रेन आणि वेल्डरांच्या टोळीची तिसरी. ह्या सगळ्या खिडक्या एकाच वेळी उघड्या असतील तेवढ्याच तासांत काम होतं. नागपूर मेट्रोच्या उभारणीत फाइव्ह-डी बिम पद्धत वापरली गेली, म्हणजे बांधकामाची त्रिमितीय प्रतिमा, वेळ आणि खर्च एकत्र जोडलेले. अशी जोडणी झाली की प्रत्येक कॅलेंडराची जबाबदारी आणखी वाढते, कारण तारीख हलली की खर्चाचा आकडाही हलतो. त्या पुलाखालून जाताना मला नेहमी वाटतं, लोकांना पोलाद दिसतं. त्यामागे किती निरनिराळ्या कॅलेंडरांचा मेळ घातला गेला असेल ते दिसत नाही.

मला ह्या गोष्टीची तळमळ का आहे, ते उन्हाळ्यावरून सांगते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जाणं नवं नाही. हवेचं तापमान ४० अंशांवर गेलं की काँक्रीटच्या कामाला भारतीय मानक ७८६१ चे उष्ण हवामानाचे नियम लागतात, म्हणून मोठे स्लॅब आम्ही रात्री ओततो. मजुरांची वेळ सकाळी ६ ते ११ आणि संध्याकाळी ४ ते ७. मधले पाच तास सावलीत. हे 'उन्हाळी' कॅलेंडर मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये वेगळं करायची गरज नसते. 'वर्क वीक्स'मध्ये दोन तारखा घालून तेवढ्यापुरते तास बदलता येतात आणि जूनमध्ये ते आपोआप पूर्ववत होतात. प्रायमाव्हेरामध्ये ते दिवस निवडून तास बदलावे लागतात, म्हणून तिथं लोक आळसानं प्रत काढतात. आणि मग कोणत्या तरी टोळीला उन्हाळ्यातही साधंच कॅलेंडर लागलेलं राहतं. कागदावर दुपारी २ ला बांधणीचं काम दिसतं. उद्दिष्ट गाठायच्या घाईत असलेला सुपरवायझर कागद दाखवतो आणि फिटर लोकांना दुपारच्या उन्हात सळईवर उभं करतो. सळई त्या वेळी हातात धरवत नाही. चुकीच्या कॅलेंडराची किंमत इथं मोजली जाते, संगणकावर नाही.

म्हणून आमच्याकडे आता एकच ग्लोबल कॅलेंडर सुट्ट्यांचा मूळ आधार आहे आणि प्रकल्पांची कॅलेंडरं त्याच्याकडून सुट्ट्या वारशानं घेतात. प्रायमाव्हेरामध्ये ती सोय आहे. नावात ठिकाण, आठवडा, तास, वर्ष आणि ते सांभाळणाऱ्या विभागाचं नाव असतं. बाहेरून आलेली फाइल आधी एका रिकाम्या डेटाबेसमध्ये उघडायची, कॅलेंडरं वाचायची आणि मगच मुख्य ठिकाणी आणायची. डिसेंबरात पुढच्या वर्षाच्या सुट्ट्या भरताना विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचे दिवसही बघावे लागतात. विधानभवनावर मोर्चे येतात, पोलीस बंदोबस्तात गुंतलेले असतात आणि रात्रीची रस्ताबंदी मागितली तर पुढची तारीख मिळते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात. त्या आठवड्यात क्रेन शहरातून हलवायची नाही हे मी क्रेनच्या कॅलेंडरातच लिहून ठेवलंय.

एक गोष्ट मात्र कोणत्याच परिपत्रकात येत नाही. आमच्या शटरिंगच्या टोळीतले बरेच जण भंडारा-गोंदियाचे आहेत आणि धानाच्या रोवणीला ते गावी जातात. रोवणी पावसावर ठरते, म्हणून जानेवारीत तिची तारीख भरता येत नाही. मी जुलैमध्ये अंदाजे पंधरा दिवस टोळीच्या कॅलेंडरात बंद धरते. जूनच्या शेवटी टोळीचे मुकादम गावाहून फोन करतात, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, किती झालेत आणि पाऊस कसा आहे ते सांगतात, आणि त्यावरून मी ते पंधरा दिवस मागे-पुढे करते. बदल एकाच ठिकाणी होतो आणि तिन्ही साइटचं वेळापत्रक त्याच संध्याकाळी नव्यानं निघतं. मिहानच्या साइट इंजिनीअरला त्या काळात शटरिंगची दुसरी टोळी लागेल हे आठवडाभर आधी कळतं, आणि गावी गेलेल्या कोणालाही 'परत या' असा फोन जात नाही.